अडकलेली अंगठी



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा हा मनुष्य महागाईवर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. मी कळविले, ‘अडकलेली अंगठी’. त्यावर एका चालकांनी मला विचारले, “ही गोष्ट आहे की प्रहसन?” दोन्ही नाही. या विषयावर बोलावे असे मनात बरीच वर्षे होते, आणि ज्यांच्यासमोर बोलावे असे वाटे तो समाज आज समोर बसला आहे. कारखान्यात जाणारे आहेत, घर सांभाळणाऱ्या भगिनी आहेत, आणि मागच्या रांगेत काही सराफ मंडळीही दिसतात. त्यांचेही काम पडणार आहे.

मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण लेथवर आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटात झाले. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा वर्ग पुरा केला आहे. शिवाय जखमी माणसांबरोबर रुग्णालयाच्या बाकांवर मी पुष्कळ रात्री काढल्या आहेत, आणि तिथले डॉक्टर विचारले की सांगतात. तेवढ्या अधिकारावर हे बोलणे आहे.

आधी शरीरात काय होते ते पाहू. आपल्या भागातील ऊसवाल्यांना हे चटकन कळेल. शेतात मोटरीने पाणी येते आणि चराने निचरा होतो. चर बुजला आणि मोटर चालूच राहिली, तर रान पाणथळ होते. बोटाचे तसेच आहे. हृदयाकडून रक्त आणणारी रोहिणी जाड भिंतीची, दाबाने वाहणारी. रक्त परत नेणारी नीला पातळ भिंतीची, मऊ. अंगठी घट्ट झाली की पहिल्यांदा नीला दबते. रोहिणी रक्त आणीतच राहते, नीला नेत नाही, म्हणून बोट फुगते. बोट फुगले की तीच अंगठी आणखी घट्ट होते, आणि घट्ट झाली की बोट आणखी फुगते. असे होता होता एका टप्प्याला रोहिणीही दबते, आणि मग त्या बोटाचा पुरवठा तुटतो.

अंगठीने काही केलेले नसते. ती काल होती तेवढीच आज आहे. बदलले आहे ते बोट, आणि ते बदलण्याची कारणे पुष्कळ आहेत. हातावर पाइप पडला, भाजले, गांधीलमाशी चावली, नखुरडे झाले, संधिवाताने सांधा सुजला, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हातापायांना सूज आली. म्हणून पहिला नियम असा की, हाताला काहीही इजा झाली तर सूज चढण्यापूर्वी अंगठी, कडे, बांगड्या, घड्याळ उतरवावे. इजा तळहाताला असली तरी बोटातील अंगठी काढावी, कारण सूज खाली उतरते. पहिल्या पाच मिनिटांत जी अंगठी साबणाने निघते, तिला दोन तासांनी कातर लागते.

आता एक हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, माणसाचेही नाही. दुसऱ्या पाळीत एका मशीनमनच्या हातावर कास्टिंग घसरले. हाड मोडले नव्हते, रक्तही फारसे नव्हते. अनामिकेत वडिलांची अंगठी होती. फोरमन म्हणाला, “मुका मार आहे, पाळी संपव.” त्याने पाळी संपविली. रात्री घरी तेल लावून ओढून पाहिली, निघाली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्यांनी सोनाराकडे जा म्हटले, तर हा म्हणाला, “वडिलांची खूण आहे, कापायची नाही.” सोमवारी सकाळी मी त्याला रुग्णालयात पाहिला, तेव्हा अंगठी दिसतच नव्हती. मांसात बुडाली होती आणि पुढचे बोट काळे होते. दोन पेरी काढावी लागली. अंगठी कापली ती कापलीच.

आपल्या भाषेत त्या बोटाला अनामिका म्हणतात, म्हणजे नाव नसलेले. कायद्याने मात्र त्याला दर लावला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमावण्याच्या ताकदीची हानी ३० टक्के धरली होती, अनामिका समूळ गेली तर ७ टक्के, आणि तिची दोन पेरी गेली तर ६. त्या सहा टक्क्यांसाठी आम्ही जे कागद रंगविले त्याची आठवण नको. पुढे त्या माणसाला मायक्रोमीटर धरता येईना, म्हणून त्याला इन्स्पेक्शनवरून पॅकिंगला टाकले. ते काही परिशिष्टात लिहिलेले नसते.

ही अंगठी घरी कशी काढावी ते सांगतो. बोट गुलाबी आहे, स्पर्श कळतो, फक्त सुजले आहे, अशा वेळी हे करावे. हात डोक्याच्या वर धरून दहा मिनिटे बसावे आणि गार पाण्याचा शेक द्यावा, बर्फ थेट कातडीला लावू नये. मग साबण किंवा तेल लावून अंगठी गोल गोल फिरवीत पुढे आणावी. सरळ ओढू नये. ओढल्याने कातडी सांध्यावर गोळा होते, आणि अडते ते त्या गोळ्यालाच.

एवढ्याने निघाली नाही तर दोऱ्याची युक्ती. गुळगुळीत, न तुटणारा दोरा घ्यावा. रेशमी चालेल, दात साफ करायचा दोरा उत्तम. पतंगाचा मांजा चुकूनही घेऊ नये. दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून हाताच्या बाजूला काढावे. सुईचे नेढे किंवा केसातील आकडा वापरून ते हळूच सरकविता येते. ते टोक तसेच तळहाताकडे मोकळे ठेवावे. उरलेला लांब दोरा अंगठीला चिकटून बोटाच्या टोकाकडे गुंडाळीत जावे. वेढ्याला वेढा लागलेला, मध्ये फट नाही, आणि घट्ट, असा सांध्याच्या पलीकडेपर्यंत. त्यामुळे सूज दबते. आता तळहाताकडचे मोकळे टोक धरून ते बोटाच्या टोकाच्या दिशेने ओढीत दोरा सोडवीत यावे. एकेक वेढा सुटतो तसतशी अंगठी पुढच्या वेढ्यावर चढते आणि चालत बाहेर येते. दुखते, हे आधीच सांगून ठेवावे. आणि रेंगाळू नये, कारण गुंडाळलेला दोरा हाही एक फासच आहे.

मात्र बोटाला उघडी जखम असेल, हाड मोडल्याचा संशय असेल, किंवा अंगठी कातडीत रुतली असेल, तर दोऱ्याच्या वाटेला जाऊ नये. बोट बधिर, गार, निळे किंवा पांढरे पडले असेल तरीही नाही. एक साधी परीक्षा आहे. नख दाबावे, ते पांढरे होते. सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. होत नसेल तर घरगुती खटपट बंद करून अंगठी कापायला निघावे.

कापण्याचे यंत्र अगदी लहान असते. एक पातळ जीभ अंगठीच्या खाली सरकते आणि तिच्यामुळे कातडी वाचते. वरून दात्यांची छोटी चकती किल्लीने फिरवितात. सोने-चांदी दोन-चार मिनिटांत कापली जाते. मग दोन पकडींनी टोके फाकवायची. पोलादी कडी किंवा नट असेल तर समोरासमोर दोन ठिकाणी कापावे लागते, कारण पोलाद फाकत नाही. चकती यंत्रावर चालविली तर धातू तापतो. म्हणून पाण्याची धार धरावी आणि मध्ये मध्ये थांबावे, नाही तर बोट अंगठीतून सुटायचे आणि भाजायचे. अलीकडे टंग्स्टन कार्बाइडच्या अंगठ्या निघाल्या आहेत. लेथवरच्या माणसाला हा धातू ओळखीचा आहे, आमची टूल-टिप त्याचीच असते. त्यावर करवत चालत नाही, पण तो काचेसारखा ठिसूळ आहे. व्हाइस ग्रिप पकडीत धरून थोडे थोडे आवळीत गेले की तडकतो. फक्त डोळे झाकावे, कपची उडते.

हे यंत्र मोठ्या रुग्णालयांत असते. बहुतेक सोनारांकडे अंगठी कापण्याची काही तरी सोय असते आणि नाजूक हातही असतो. अग्निशमन दलाचे जवान अशी कामे करतात, १०१ क्रमांकावर विचारावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवायला सांगितले होते. अनेक राज्यांच्या नियमांतील यादीत सर्पदंशावर चिरा देण्याची छुरीदेखील होती. आज कोणताही डॉक्टर ती वापरू देणार नाही. पण मी उघडून पाहिलेल्या एकाही पेटीत अंगठी कापण्याचे यंत्र मला दिसले नाही. आमच्या मागणीपत्रांत मी हे कलम घालीत आलो आहे. वाटाघाटीत व्यवस्थापनाची माणसे ते वाचून हसतात, आणि हसत हसत मान्य करतात. किंमत फार नाही. मोठ्या मागण्यांपायी युनियनही असल्या गोष्टी विसरते, ही तक्रार मी घरातल्या घरात करतो.

कारखान्यात खरे पाहता पाळी सुरू होतानाच अंगठी उतरवून ठेवायची. ट्रकच्या फाळक्यावरून किंवा फाटकाच्या जाळीवरून उडी मारताना अंगठी खिळ्यात अडकली, तर सगळ्या देहाचा भार त्या एका बोटावर येतो आणि हातमोजा उलटावा तशी कातडी सोलून निघते. प्रसंगी बोटच तुटते. तो तुकडा ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडणारे शल्यविशारद असतील तिथे धाव घ्यावी. तुकडा नुसत्या बर्फात टाकू नये. गॅरेजमधील मुलांसाठी आणखी एक. बॅटरीचे टोक आणि पाना यांच्यामध्ये अंगठी आली की ती क्षणात लाल होते, आणि बोटाभोवती जळालेला गोल राहतो.

आता घरात येऊ. भगिनींनो, बांगड्यांच्या बाबतीत तुमचा कासार जे जाणतो ते पुस्तकातही नसते. अंगठा तळहातात मुडपायचा, हात ढिला सोडायचा, साबण किंवा प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर चढवायची आणि बांगडी तिरकी करून उतरवायची. पण मनगट मोडले असेल तर हा खेळ नको, सरळ कापावी. इथे अडचण हाताची नसते, मनाची असते. सौभाग्याची वस्तू कशी कापायची? जोडव्यांचेही तेच. सुजलेल्या बोटात जोडवे रुतले आहे, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे दुखतही नाही, आणि बाई म्हणते, राहू दे. आपल्याकडे बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तसेच अंगठी वाढवली, जोडवे वाढवले म्हणावे आणि कापावे. सोन्याचे काही जात नाही. सोनार सांधा देऊन पुन्हा गोल करून देतो आणि वजनात गुंजभरही फरक पडत नाही. मागच्या रांगेतील मंडळी मान हलवीत आहेत, त्याअर्थी मी खोटे बोलत नाही.

तान्ह्या मुलांविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण त्यांना सांगता येत नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईचे केस फार गळतात. त्यातला एखादा केस दुपट्यातून, मोज्यातून बाळाच्या पायाच्या बोटाला वेढा घालतो. ओला असताना केस ताणला जातो, वाळला की आखडतो. बाळ रडायला लागते. पोट दुखत असेल म्हणून घुटी देतात, दृष्ट काढतात, दिवस जातो. केस इतका बारीक असतो की सुजेच्या घडीत दिसतच नाही, दिसते ती फक्त एक रेघ आणि तिच्यापुढे लाल-निळे फुगलेले बोट. म्हणून अकारण रडणाऱ्या बाळाचे मोजे, झबले, लंगोट सगळे उतरवून दिव्याखाली एकेक बोट तपासावे, आणि मुलगा असेल तर लघवीची जागाही. केस मोकळा दिसला आणि सहज कापता आला तर ठीक. रुतला असेल तर डॉक्टरांकडेच न्यावे. बहुधा एकापेक्षा जास्त वेढे असतात, आणि आपल्याला वाटते निघाला, पण एक आत उरतो. मनगटातील काळा दोरा, कंबरेचा करदोटा, पायातील वाळे यांनाही हेच लागू. मूल महिन्याला वाढते, दोरा वाढत नाही. बांधायचाच असेल तर दर आठवड्याला खालून बोट घालून पाहावे.

लहान मुलाचे डोके पातेल्यात अडकले तर आधी श्वास मोकळा आहे ना ते पाहावे. ओढाओढीने कान सुजतात आणि काम अवघड होते. तेल सोडावे, नाही तर पत्रा कापणाऱ्याला बोलवावे. मुलाची कातडी पँटच्या झिपमध्ये सापडली तर झिप मागेपुढे ओढू नये. रनरच्या पुढच्या भागातील बारीक दांडी कटरने तोडली की त्याच्या दोन्ही फळ्या सुटतात आणि झिप आपोआप उघडते.

एक गोष्ट व्यासपीठावरून बोलावी की नाही, याचा मी विचार केला आणि बोलायचे ठरविले. तरुण माणसे, कधी प्रौढही, कुतूहलाने किंवा कुणाच्या सांगण्यावरून गुप्त अवयवाला कडी, बेअरिंगची रिंग, बाटलीचे तोंड अडकवून घेतात. मग ते निघत नाही. लाजेने माणूस एक दिवस, दोन दिवस गप्प बसतो. लघवी अडते, अवयव काळा पडू लागतो, तेव्हा तोंड उघडतो. डॉक्टरांना यात नवे काहीच नसते आणि रुग्णाचे गुपित पाळणे हा त्यांचा धर्मच आहे. पहिल्या तासात गेलेला मनुष्य संध्याकाळी घरी असतो. ज्याला मुलगा किंवा धाकटा भाऊ आहे, त्याने केव्हा तरी हे त्याच्या कानावर घालावे.

आता बोट सोडून हात-पाय. बोटात मांसल स्नायू नाहीत. ते तळहातातील आणि कोपराखालच्या स्नायूंच्या दोऱ्यांवर हलते, म्हणून थोडे अधिक तग धरते. हात किंवा पाय आवळला गेला तर स्नायू मरू लागतात, आणि सहा तासांच्या पुढे गेलेले बहुधा परत येत नाहीत. १८८१ साली फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यविशारदाने लिहून ठेवले की, मोडलेल्या हाताला फार घट्ट बांधल्यामुळे बोटे पंज्यासारखी आखडून कायमची निकामी होतात. तो विकार आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्यांखाली तो अजून घडतो, आणि रुग्णालयातील प्लॅस्टरखालीही घडू शकतो. खूण एकच लक्षात ठेवावी. प्लॅस्टर घातल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, गोळीने राहिले नाही, आणि कोणी बोटे सरळ केली की असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. नाडी लागते आहे म्हणून समाधान मानू नये, नाडी जाते ती फार उशिरा. रात्री दोन वाजता रुग्णालयात जाऊन प्लॅस्टर चिरून घ्यावे. डॉक्टर रागावले तर रागावू द्यावे.

सापाचेही इथेच सांगितले पाहिजे, कारण ऊसतोडणीच्या टोळ्यांत अजूनही पहिली गोष्ट होते ती म्हणजे दंशाच्या वर दोरी करकचून आवळणे. विष थांबत नाही, पाय मात्र मरतो. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने आधीच भयंकर सूज येते, त्यात हा फास. २००९ सालच्या राष्ट्रीय सर्पदंश उपचार पद्धतीतही अशी आवळपट्टी बांधू नये असेच सांगितले आहे. पैंजण, जोडवी, अंगठ्या काढाव्या, अवयव फळीला सैल बांधून न हलविता ठेवावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ ला फोन करावा. कोणी आधीच दोरी आवळली असेल तर ती वाटेत झटकन कापू नये. ती डॉक्टरांसमोर, उपचाराची तयारी ठेवून सोडावी, कारण अडलेले विष एकदम अंगात धावते. तसाच प्रकार कित्येक तास आवळलेल्या हातापायाचा. मेलेल्या स्नायूंतील घाण एका दमात हृदयाकडे जाते.

मुद्दाम आवळण्याचा एकच प्रसंग मला मान्य आहे. पट्ट्यात किंवा कटरमध्ये हात गेला, रक्ताची चिळकांडी उडते आहे आणि नुसत्या दाबाने थांबत नाही, तेव्हा रुंद पट्टी जखमेच्या वर आवळावी आणि किती वाजता आवळली ते कपाळावर पेनाने लिहावे. तिथे जीव आणि हात यांतून निवड करायची असते.

अंगठी निघाल्यावरचे राहिले. रक्त परत येताना बोट लाल होते आणि ठणकते, ते चांगले लक्षण आहे. साबणपाण्याने धुवावे, हात उंच ठेवावा, कातडी फाटली असेल तर धनुर्वाताची सुई घ्यावी. बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करून कळते का, आणि प्रत्येक पेर वाकते का ते पाहावे. बधिरपणा उरला तर अंगठी निघाली म्हणून घरी बसू नये. आणि ती अंगठी सांधून आणली तरी सूज पूर्ण उतरेपर्यंत डब्यातच राहू द्यावी.

अध्यक्षांनी परवानगी दिली आहे. सभा संपल्यावर या टेबलावर रेशमी दोरा, काही पितळी कड्या आणि आमच्या युनियनचे अंगठी कापण्याचे यंत्र मांडून ठेवीत आहे. दोऱ्याची युक्ती ऐकून येत नाही, करूनच येते. ज्यांना आपल्या बोटावर करून पाहायची असेल त्यांनी डाव्या बाजूने, रांगेने यावे. सराफ मंडळींनी आधी यावे, म्हणजे मला मदत होईल.